सही तुमची, वाचन माझं

बाई, आजचं वर्तमानपत्र दहा मिनिटांत संपलं.

तुम्ही होतात तेव्हा त्याला दीड तास लागायचा. दुपारची भांडी झाली की तुम्ही आवार ओलांडून माझ्या ओसरीवर यायचात, भिंतीला टेकून पाय लांब करायचात आणि म्हणायचात, "हं, वाच." मग पहिल्या पानापासून निधन वार्तेपर्यंत सगळं मोठ्यानं. जाहिरातीसुद्धा. एकदा मी एक जाहिरात गाळली, तर तुम्ही पानावर बोट ठेवून विचारलंत, "अन् हे चित्र कायचं आहे?" डोळ्यांनी वाचणं इतकं लवकर संपतं हे मला बहात्तराव्या वर्षी कळतं आहे.

परवा मी एकटीच मोठ्यानं वाचून पाहिलं. अर्धं पान वाचलंही. फाटकापाशी पोस्टमन थांबला होता. कोणाशी बोलून राह्यल्या, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, नवा चष्मा तपासते आहे.

तुम्ही गेल्याचं कळल्यावर मेलबर्नहून रेवाचा आणि निशांतचा फोन आला होता. त्यांना तुम्ही आठवता त्या फोनवरच्या मोठ्या आजी, मेलबर्न लांब आहे म्हणून ओरडून बोलणाऱ्या. रेवानं विचारलं, मोठी आजी सरपंच होती म्हणजे नक्की काय करायची? मी म्हटलं, लिहून पाठवते. म्हणून हे लिहिते आहे. बोलते आहे तुमच्याशी, पण वाचणार मुलं आहेत, तेव्हा तुम्हाला पाठ असलेल्या गोष्टीही मधूनमधून सांगाव्या लागतील. ऐकून घ्या. एकच गोष्ट दोनदा ऐकायचा कंटाळा तुम्हाला कधीच नव्हता.

आणि यात एक गोष्ट अशी आहे, जी मुलांना माहीत नाही आणि गेल्या आठवड्यापर्यंत गावालाही माहीत नव्हती. तुमच्या नावावर गावानं लावलेली एक चूक तुमची नव्हती. ती माझी होती. तुम्ही असेपर्यंत मी ते बोलले नाही. बाकी सगळं मी त्याच्या आजूबाजूनं लिहीत राहीन, कारण तशी माझी सवय आहे. पण लिहायला बसले ते त्यासाठी.

मुलांनो, मोठी आजी माझी थोरली जाऊ. हिंगणघाटच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवून मी गावी परतले तेव्हा तुमचे आजोबाही गेले होते आणि त्यांचे थोरले भाऊही. एका आवारात दोन घरं, दोन घरांत दोन बायका. मला वाटायचं, ह्यांच्याशी मी काय बोलणार? त्यांना सहीपुरतं लिहिता यायचं. पहिल्या महिन्यात आम्ही दोघी फक्त पावसापाण्याचं बोललो. मग एक दिवस त्यांनी माझ्या हातातल्या कागदाकडे बघून म्हटलं, "मनातल्या मनात काऊन वाचतेस? मी काय चोर आहो?" तेव्हापासून वाचन सुरू झालं.

मग सरपंचपद बाईमाणसाला राखीव झालं आणि गावानं तुमचं नाव पुढे केलं. तुम्ही कुणाच्या भांडणात नव्हता, आणि कापूस वेचायला, निंदायला तुम्ही गावातल्या अर्ध्या बायकांबरोबर एका ओळीत राबलेल्या होतात. मला सदस्य केलं ते तुमच्या सोयीसाठी. गावाचा हिशेब सरळ होता. माझ्याबरोबर सदस्य झालेल्या बबनरावांनी तो पारावर सगळ्यांदेखत बोलूनही दाखवला, "खुर्चीवर गयाबाई बसन, अन् गाव मास्तरीनबाई चालवन." मी मनातून सुखावले होते. आज कबूल करते. तुम्ही तेवढंच म्हणालात, "गाव का बैलबंडी आहे, चालवाले?"

पहिल्याच महिन्यात शिपाई किसना सभेची वही घेऊन तुमच्या चुलीपाशी आला. जुनी रीत अशी होती की मासिक सभा कागदावर व्हायची. ग्रामसेवक ठवरे साहेब समुद्रपूरहून यायचे, ठराव लिहायचे, आणि किसना ती वही घरोघर फिरवून सदस्यांच्या सह्या गोळा करायचा. कुणी गोठ्यात सही करी, कुणी न्हाव्याकडे बसल्या बसल्या. गावाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. उलट तेवढाच कामाचा खोळंबा वाचायचा.

तुम्ही त्याला विचारलंत, सभा कधी झाली. तो म्हणाला, झाली असंच समजा, माय.

"मी गेलती काय सभेले?"

"नाई."

"मंग माही सही कशी जाईन? तिले पाय आहे काय?"

किसना वही घेऊन परत गेला. तुम्हाला वाचता येत नसल्यामुळे तुम्ही न वाचता सही करणार नाही, हे गावाला समजायला दोन महिने लागले. वाचता येणारे सगळे न वाचताच करत होते.

त्यानंतर सभा खरोखरच भरू लागली. तीन दिवस आधी किसना नोटीस घेऊन फिरे, ज्याच्या त्याच्या हातात देऊन पोच घेई. महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी दोन वाजता, पंचायतीच्या खोलीत, पत्र्याच्या कपाटासमोर. विषय एक, मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. पुढे आलेली पत्रं, आलेले अर्ज, आणि सगळ्यात शेवटी अध्यक्षांच्या परवानगीनं ऐनवेळी येणारे विषय. वाचायचं काम तुम्ही माझ्याकडे दिलंत. ठवरे साहेब लिहीत, मी वाची, तुम्ही ऐकत. तुम्ही पदराच्या गाठीतून तुरीचे दाणे आणायचात, जितके विषय तितके. ते उजवीकडे मांडून ठेवायचात. एक विषय संपूर्ण वाचून झाला की एक दाणा डावीकडे. सगळे दाणे डावीकडे आल्याशिवाय तुम्ही पेनला हात लावत नव्हता.

त्या खोलीत काय काय चाललं, मुलांनो, तुम्हाला खरं वाटणार नाही. खांबावरचा एक बल्ब कुणाच्या दारासमोर लावायचा यावर दोन सभा गेल्या. दोघांनाही उजेड हवा होता आणि दोघांनाही दुसऱ्याच्या दारात तो नको होता. शेवटी मोठ्या आजीनं तो बल्ब विहिरीपाशी लावायला सांगितला. दोघंही नाराज झाले आणि दोघांच्याही बायका खूश. विहिरीत औषध टाकणं, मोकाट बकऱ्या कोंडवाड्यात घालणं, कोंडवाड्याचं दार मोडलेलं असणं, ते दुरुस्त होईपर्यंत बकऱ्या कुणाच्या तरी आवारात बांधणं, मग त्या आवाराच्या मालकाची तक्रार. हेच सरपंचाचं काम. त्यात गौरव नसतो. ते दर महिन्याला पुन्हा करावं लागतं, स्वयंपाकासारखं. बाई, मी एकदा तुम्हाला हे म्हणाले तेव्हा तुम्ही हसलात. म्हणालात, स्वयंपाकाले निदान कोनी नावं ठेवाले तरी घरचंच असते.

तर तो बुधवार.

ठवरे साहेबांची बस चुकली आणि सभा तासभर उशिरा बसली. सात विषय होते. सातवा आला तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार झाले होते. चार वाजता मुलांचा फोन यायचा. तेव्हा ती लहान होती, तिकडे त्यांची निजायची वेळ झालेली असायची, आणि पाच मिनिटं उशीर झाला की तो आठवडा गेला. मुलांनो, यात तुमचा काही दोष नाही. हे एवढ्यासाठी सांगते की मला घाई कशाची होती ते तुम्हाला कळावं.

सातवा ठराव नव्या पाण्याच्या टाकीचा होता. दीड पानाचा. टाकीचं काम पूर्ण झाल्याचं सभेला कळवण्यात आलं, अमुक दिवसापासून पुरवठा सुरू होईल, गावातल्या नळजोडण्या नव्या वाहिनीवर घेण्यात येतील, इथपर्यंत मी वाचलं. पान उलटलं. घड्याळाकडे पाहिलं. आणि म्हणाले, "पुढे नेहमीचंच आहे."

बबनराव चहाचे कप गोळा करत होते. ठवरे साहेब पिशवी भरत होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. जरा वेळ पाहिलंत. मग सातवा दाणा डावीकडे ठेवलात आणि सही केलीत.

फोन वेळेवर आला. निशांतनं मला एक इंग्रजी गाणं म्हणून दाखवलं.

पान उलटल्यावर जी ओळ होती ती अशी. नवीन टाकीवरून पुरवठा सुरू होताच जुनी वाहिनी बंद समजावी व तिच्यावरील मोटार काढून शाळेच्या बोअरवर बसवावी. टेकाडीवरच्या नऊ घरांना पाणी फक्त त्या जुन्या वाहिनीनं जात होतं. नवी वाहिनी टेकाडीवर चढलेलीच नव्हती, ती पुढच्या टप्प्यात होती. ठवरे साहेबांनी नकाशात ती रेघ पाहिली आणि काम झालं असं धरलं. त्यांचा उद्देश वाईट नव्हता. पण ती ओळ तुमच्या कानावर पडली असती तर तुम्ही त्याच क्षणी विचारलं असतं, "अन् टेकाडी?" ते विचारणारं त्या खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

होळीनंतर टेकाडीचे नळ कोरडे पडले. चूक लक्षात आली तेव्हा मोटार शाळेच्या बोअरवर बसलेली होती. पुढच्या सभेत आपण दुरुस्तीचा ठराव केला. पण ठरावानं मोडलेलं ठरावानं लगेच जुळत नाही, हे मला तेव्हा कळलं. अंदाजपत्रक, तालुक्याची मान्यता, मग निविदा. कधीमधी टँकर आला. टेकाडीवर पुन्हा पाणी चढलं ते दिवाळी उलटल्यावर. तोवर पूर्ण उन्हाळा त्या नऊ घरांच्या बायका खालच्या विहिरीवरून पाणी वाहत होत्या. त्या उतारावरच्या मुरमावरून दुर्गाची सासू सखूबाई डोक्यावरच्या पाण्याच्या गुंडासकट घसरली. खुब्याचं हाड मोडलं. ती परत चालली नाही.

दुर्गा तुम्हाला आत्याबाई म्हणायची. नवी नवरी म्हणून गावात आली तेव्हा तिला कापूस वेचायला तुम्ही शिकवलंत, तुमच्या शेजारच्या ओळीत उभी करून. बोंड सोडून नुसता कापूस कसा ओढायचा, बोटं कशी वाचवायची. त्या उन्हाळ्यानंतरच्या ग्रामसभेत ती उभी राहिली तेव्हा तुम्हाला आत्याबाई म्हणाली नाही.

"सरपंचीनबाई, एका बल्बचा ठराव तुमी तीनदा वाचून घेता. आमचं पानी तोडताना तुमचे कान कुठं गेलते?"

समाजमंदिरात शंभर माणसं असतील.  मी तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते. मला वाटलं, आता तुम्ही माझ्याकडे बघाल. तुम्ही बघितलं असतंत तर मी उठले असते, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले.

तुम्ही बघितलं नाहीत. म्हणालात, "सही माही आहे, दुर्गा. चुकी माही आहे. दुसऱ्या कोनाची नाई."

आपण घरी आलो. तुमच्या ओट्यावर मी म्हणाले, मी उद्या सगळ्यांना सांगते. तुम्ही पाय चोळत होता. काय सांगशीन, असं विचारलंत.

"मी पुढचं वाचलं नाही, हे सांगेन."

"अन् मले कान नव्हते? ठराव कसा संपते थे मले माहीत नाई? 'सर्वानुमते मंजूर' आलं नाई तं ठराव संपला नाई. तू मदातच थांबली थे मले समजलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुह्या पोराईचा फोन येनार होता ना, लहाने."

हा वाद आपण त्यानंतर किती वेळा घातला, बाई? भाजी निवडताना, देवळातून येताना, एकदा तर हिंगणघाटला दातांच्या डॉक्टरकडे बसलो असताना, तोंडात कापूस घेऊन. माझं म्हणणं, ऐकणारा वाचणाऱ्यावर विसंबलेला असतो, तेव्हा चूक वाचणाऱ्याची. तुमचं म्हणणं, वाचणारा चुकू शकतो म्हणूनच सही दुसऱ्याची घेतात, तेव्हा चूक सही करणाऱ्याची. मी पुस्तकी दाखले द्यायचे. तुम्ही एवढंच विचारायचात, "खुर्चीवर कोन होतं?" दर वेळी मी हरायचे.

खरं सांगते, हरायला मला आवडायचं. तुम्ही मला थांबवत होता म्हणून मी बोलत नव्हते, असं नाही. मला थांबायचंच होतं, आणि तुम्ही त्याला कारण पुरवत होता. गावात मला अजूनही लोक मास्तरीणबाई म्हणून अर्ज तपासून द्यायला सांगतात, मुलांची निबंधाची वही दाखवतात. माझ्यापाशी दुसरं काय होतं? नवरा नाही, मुलगा तिकडे. बिनचूकपणा तेवढा होता. तो सोडवेना.

तुम्ही मात्र टेकाडीवर जायचं सोडलं नाहीत. सखूबाईच्या खाटेशी बसायला म्हणून जायचात. आधी दुर्गा बाहेर निघून जायची. मग दार लोटून घेऊ लागली. मग एक दिवस तुम्ही अर्ध्या चढावरून परत आलात. विचारलं तर म्हणालात, गुडघे दुखतात. त्यानंतर मीही काही विचारलं नाही. पाच वर्षं पूर्ण झाली, तुमची खुर्ची गेली, दुसरी सरपंच आली. दुर्गा रस्त्यात दिसली तर वाट बदलायची. तुम्ही तिच्या पाठीकडे बघत उभ्या राहायचात. मी हातातली पिशवी या हातातून त्या हातात घ्यायचे.

तुम्ही गेलात त्या दिवशी गाव लोटलं होतं. बबनराव लहान मुलासारखे रडले, आणि वर म्हणाले, "सरपंच असताना पाच वर्सं मले सुखानं सही करू देली नाई या बाईनं." तुमची तिरडी टेकाडीच्या पायथ्यावरूनच गेली. आठ घरांची माणसं खाली येऊन उभी होती. एक दार बंद होतं. मी ते पाहिलं. पाहून खाली मान घातली आणि चालत राहिले.

पाचव्या दिवशी मी टेकाडीकडे निघाले होते. अर्ध्या चढावरून परत आले. मलाही गुडघ्यांचंच कारण सापडलं.

मग गेल्या आठवड्यात ग्रामसभा होती. गणपूर्ती झाली नाही म्हणून नेहमीप्रमाणे अर्ध्या तासासाठी तहकूब झाली, आणि नेहमीप्रमाणे तहकूब सभेला लोक आले, कारण तोवर चहा आला होता. पहिला विषय तुमच्या शोकप्रस्तावाचा. पोलीस पाटील वारले तेव्हा जो मजकूर होता तोच, नाव तेवढं बदललेलं. गावाची कधीही भरून न येणारी हानी. आम्ही दोन मिनिटं उभे राहिलो. मला एकाएकी असह्य एकटं वाटलं, बाई. शंभर माणसं तुमच्यासाठी उभी होती, आणि त्यातल्या एकीलाच माहीत होतं की ती कुणासाठी उभी आहे.

दुर्गाही आली होती. तिला टेकाडीवर विजेच्या खांबाची मागणी करायची होती. मी तिच्या मागच्या रांगेत होते. तिच्या केसांत पांढरं दिसायला लागलं आहे, हे मी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं.

ऐनवेळचे विषय आले तेव्हा निम्मी माणसं उठून गेली होती. मी नव्या सरपंचाला, अर्चनाला, म्हटलं की मला एक विषय मांडायचा आहे. ती माझी विद्यार्थिनी. बोला ना आजी, म्हणाली.

"इंग्लिशमदी नोका सांगजा," बबनराव मागून म्हणाले. दोघंतिघं हसले.

मी मराठीत सांगितलं. टाकीचा ठराव मी अर्धाच वाचला होता. पुढे नेहमीचंच आहे म्हणून सांगितलं. गयाबाईंनी माझ्या शब्दावर सही केली आणि दोष स्वतःकडे घेतला, मी तो घेऊ दिला. तीनच वाक्यं होती. ती म्हणायला मला इतकी वर्षं लागली आणि एक मिनिटही लागलं नाही.

ठवरे साहेब गोंधळले. त्यांच्या स्वभावाप्रमाणे त्यांना पहिली काळजी वहीची. मॅडम, तो ठराव केव्हाच दुरुस्त झाला आहे, आता याची नोंद कशाखाली घ्यायची, असं ते विचारू लागले. अर्चना म्हणाली, आजी, जाऊ द्या आता, जुनी गोष्ट झाली. बबनराव चहाच्या कपाकडे बघत राहिले. मला वाटलं, दुर्गा ओरडेल. ओरडावं असंच मला वाटत होतं. तिनं मला सगळ्यांदेखत बोलावं, सखूबाईच्या हाडाचा जाब विचारावा. त्याची मी तयारी करून आले होते.

ती हळू आवाजात बोलली.

"मॅडम, हे त्या दिवशी सांगतलं असतं तं मी आत्याबाईच्या मातीले आली असती."

आणि खाली बसली.

मुलांनो, माती म्हणजे अंत्ययात्रा.

बाई, आपण दोघी इतकी वर्षं भांडलो ते चूक कुणाची, तुमची की माझी, एवढ्यावर. जणू ते दोन घरांतलं होतं. त्या गप्प राहण्यात दुर्गाची आत्याबाई गेली, हे आपल्या दोघींच्याही वादात कधी आलं नाही. तुम्ही मला वाचवलंत म्हणून मी तुमची आभारी होते आणि आहे. पण त्याची किंमत दुर्गानं मोजली, आणि हे माहीत असून मी स्वतःला वाचवू दिलं. यावर तुमचं काय म्हणणं आहे, हे मला आता कधीच कळणार नाही. खुर्चीवर कोन होतं, असं तुम्ही या वेळी म्हणाला नसतात, असं वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेकाडीवर गेले. दोनदा थांबले, पण वर गेले. दार उघडं होतं. सखूबाई खाटेवर होती. तिला फारसं दिसत नाही. कोन आहे, असं तिनं विचारलं. गयाबाईची लहानी जाऊ, मी म्हटलं. तिनं सरकून खाटेवर जागा केली. माझ्यावर रागावलेली आहे का ते मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. तिनं एवढंच विचारलं, "गयाले लय तरास झाला काय?"

मी सांगू लागले. दुर्गा आतल्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती, म्हणून मी जरा मोठ्यानं सांगितलं, आणि पहिल्यापासून सांगितलं. दोन दिवस ताप होता. समुद्रपूरच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं. शेवटच्या सकाळी आंबील मागितलीत, दोन चमचे घेतलीत. म्हैस सोडली का, असं विचारलंत. मग कुशीवर वळलात. नेसवायला हिरवी साडी काढली होती, बाहेरगावाहून आलेल्या तुमच्या सुनेनं ती ठेवून मोतिया रंगाची काढली, तुम्हाला तो रंग आवडायचा म्हणून. कोण कोण आलं, कुणी खांदा दिला, कोणत्या रस्त्यानं नेलं, या दाराखालून जाताना किसनानं पाऊल कसं हळू केलं. बायका जातात तिथपर्यंत मी होते. पुढचं किसनानं मला सांगितलं होतं, ते मी त्यांना सांगितलं. लाकडं ओलसर होती. पेटायला वेळ लागला. उजेड होता तोवर सगळं आटोपलं.

मी काही गाळलं नाही. सांगून संपल्यावर सखूबाईनं माझ्या मनगटावर हात ठेवला, तो तसाच राहू दिला.  दुर्गा चौकटीपासून निघून अंगणात गेली.

थोड्या वेळानं मी निघाले. अंगणातल्या नळाखाली बादली भरली होती. दुर्गा नेसत्या लुगड्यानिशी बसून डोक्यावरून पाणी घेत होती, मातीहून आलेलं माणूस घेतं तसं. मी तिच्याकडे पाठ करून फाटक लावलं आणि उतार उतरले.